तूच पाव ऊर्फ ससा पळाला

एसटीची वेळ झाली होती आणि गुरवाचं गाऱ्हाणं काही संपत नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा, अंगात नवा कडक शर्ट, पायाशी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत आईने बसवलेलं कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं आणि सुके बांगडे. त्या बांगड्यांनी पुढे वर्षभर माझ्या कपड्यांवर आमच्या गावाचा पत्ता लिहून ठेवला. गुरव देवाला माझ्या पणज्यापासूनची हकिगत सांगत होता, जमलेले लोक दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, आणि देवळासमोर गाडी थांबवून उभा असलेला कंडक्टर घंटीच्या दोरीशी चाळा करत होता. शेवटी आईने गुरवाला नुसत्या हाताने गप्प केलं आणि देवाशी थेट बोलली, "देवा, आता तूच पाव."

गुरवाला अर्ध्या तासात जमलं नव्हतं ते तिने चार शब्दांत उरकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "प्वाट भरला मां रे?" मी मान हलवली. भरलं नव्हतं. पण मुंबईला निघालेल्या माणसाने भूक लागली म्हणायचं नसतं.

गावी राहिलेल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखीच ट्रंक घेऊन बोरीवलीला, मुलुंडला, मानखुर्दला येऊन टेकलेल्या मंडळींनो, तुम्हाला वाटेल आता हा रडणार. मुळीच नाही. मी सांगणार आहे ते एवढंच, की आईची ती दोन वाक्यं पस्तीस वर्षांनी एका चिनी मुलाच्या तोंडून माझ्या बोरीवलीच्या घरात आली, आणि त्यांच्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं. मोडणारा मी होतो. वाचवणाराही मीच, पण ते मागाहून.

मुंबईत मी काकाकडे उतरलो. काकाची गिरणी बंद पडली होती आणि त्याने बोरीवलीत लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकलं होतं. मला त्याने टायपिंगला बसवलं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला मी "खंय रवतास?" विचारलं, तर काका म्हणाला, "इथे मालवणी बंद. नाहीतर पत्रिकेवरपण तसंच छापशील." मी बंद केली. सहा महिन्यांत 'झकास' आणि 'वाट लागली' म्हणायला लागलो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आई जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बोलतंस बरा, पण कोणासारख्या रे?" काका गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. निम्म्या बोरीवलीची लग्नं माझ्या दहा बोटांनी लागली आणि एकाही पत्रिकेत काना चुकला नाही, असा माझा दिमाख. तो उतरणार आहे, धीर धरा.

आमची एकुलती एक मनू ओसाकाला नोकरीला निघाली तेव्हा विमानतळावर गुरव मिळेना, म्हणून मीच गाऱ्हाणं सुरू केलं. 'व्हय म्हाराजा' म्हणायला एकटी माझी बायको सुनंदा, आणि तीही पुटपुटत, कारण लोक बघत होते. मनू म्हणाली, "बाबा, प्लीज, माझं बोर्डिंग आहे." जाण्याआधी तिने दुकानातून घरी आणलेल्या माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलं होतं. "मशीन जुनीच आहे बाबा, पण आता रुसणार नाही." खरंच रुसली नाही. मुलगी गेल्यावर घरात न रुसणारी तेवढी एकच वस्तू उरली.

दोन वर्षांनी मनूने वेईबद्दल सांगितलं. तिच्याच ऑफिसातला मुलगा, मूळचा चीनमधल्या सूचौ शहराचा. वडील नाहीत. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. या विहीणबाईंचं लग्नाला हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. एकुलता एक मुलगा आधीच जपानला गेलेला, आता त्याची सासुरवाडी त्याहून लांब. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी त्यांच्याकडे आठ दिवस राहून ये. मग सांगते."

मी लगेच पत्रिकेला लागलो. सुनंदा म्हणाली, "अहो, त्या बाईंनी अजून हो म्हटलेलं नाही."

"पत्रिका बघून म्हणतील."

पत्रिका तीन लिप्यांत होणार होती. आपल्या लोकांना मराठी, विहीणबाईंना चिनी, ओसाकाच्या ऑफिसला जपानी. मनू म्हणाली फोन भाषांतर करतो. मी म्हटलं, "जगाच्या पत्रिका मी जुळवल्या आणि स्वतःच्या मुलीची फोनकडून लिहून घेऊ?"

मग तिने व्हिडिओ कॉलवर धडे सुरू केले. पहिल्यांदा चिनी मजकूर उघडला तर ओळीने रिकामे चौकोन, नवीन बिल्डिंगमध्ये अजून कोणी राहायला आलं नसावं तसे. मनू म्हणाली फॉन्ट नाहीये. फॉन्ट घातला, आणि खिडकी-खिडकीत माणूस आला. मग लिहिण्याचा प्रोग्रॅम. त्याचं नाव एफ-सी-आय-टी-एक्स. उच्चार मनूलाही ठाऊक नव्हता, म्हणून मी त्याचं बारसं केलं, फजितेक्स. फजितेक्सच्या पोटात चिनीसाठी एक सोय असते. उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहायचा, खाली चिनी अक्षरांची यादी येते, त्यातलं हवं ते उचलायचं. जपानीसाठी मोझ्क नावाची दुसरी सोय, तिला मी मोजके म्हणतो. मोजके फार शिस्तीचे. 'कोन्निचिवा' लिहायला एन तीनदा दाबावा लागतो. दोनदाच दाबलात तर नमस्कार मोडतो.

फजितेक्स बसवलं, मोजके बसवले, सेटिंगच्या यादीत दोघांची नावं चढवली आणि कंट्रोल-स्पेस दाबलं. काही नाही. आपली इंग्रजीच. तासभर मी ते मशीन गदागदा हलवायचं तेवढं बाकी ठेवलं.

"लॉगआउट केलंस का?" मनूने विचारलं.

"नाही."

"मग कसं चालेल? एकदा बाहेर पड आणि परत ये. बाहेर पडल्याशिवाय नवीन भाषा लागत नाही."

बाहेर पडलो, परत आलो, कंट्रोल-स्पेस दाबलं, आणि कोपऱ्यात एक इवलंसं चिनी अक्षर येऊन उभं राहिलं. ती सहज बोलून गेली. मी मात्र मनाने काकाच्या दुकानात जाऊन आलो. नवीन भाषा आल्यावर या मशीनने मराठी फेकून दिली नव्हती. ती तिथेच होती, एका कळीच्या पलीकडे. मला एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं की जुनी काढायची नसते, फक्त कळ बदलायची असते.

मग वेई आणि मनू आठ दिवसांसाठी आले. वेई उंच, लाजरा, मराठीची चार वाक्यं पाठ करून आलेला. रोज सकाळी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्या पहिलाच शब्द म्हणायच्या, "थूथू." सुनंदा दचकली. "पोटच्या पोराला थू थू काय करते ती?"

"दृष्ट काढत असेल," मी म्हटलं. "एवढ्या लांबून दुसरं काय करणार?"

हे सुनंदाला इतकं पटलं की त्या दिवसापासून विहीणबाई तिला आवडायला लागल्या.

चौथ्या दिवशी, रविवारी, नाश्त्याला घावणे आणि नारळाचा गोड रस होता. वेईने पाच घावणे खाल्ले. सहावा घेऊन सुनंदा आली तेव्हा त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि कळवळून म्हणाला, "तूच पाव ल."

अगदी स्पष्ट. 'तूच'मधला च चोरातला. सुनंदाचा हात हवेत थांबला. "बघा, कसं देवासारखं विनवतो पोर," म्हणत तिने एकाच्या जागी दोन घावणे वाढले. मनू हसून हसून टेबलावर पडली. "आई, तो चिनीत सांगतोय पोट भरलं. तूच म्हणजे पोट. पाव ल म्हणजे भरलं."

सगळे हसत होते. मी रसाच्या वाटीत बघत बसलो. माझी आई एसटीपाशी देवाकडे जे मागत होती आणि मला जे विचारत होती, ती दोन वाक्यं चिनीत एकच निघाली होती.

नाश्ता झाल्यावर मनू आणि वेई कान्हेरीच्या लेण्यांना गेले. मी पत्रिका घेऊन कॉम्प्युटरवर बसलो. तेवढ्यात दोन्ही घरांच्या ग्रुपवर विहीणबाईंचा रोजचा प्रश्न आला, चार चिनी अक्षरांचा: पोट भरलं का? चार दिवसांत ती अक्षरं माझ्या तोंडओळखीची झाली होती. रोज उत्तर मनू द्यायची. आज कोणी नव्हतं. मी विचार केला, उत्तर मला येतं. आजच पाठ झालंय. व्याह्याचा पहिला निरोप व्याह्याच्या हाताने जाऊ दे.

फजितेक्सला जागं केलं. तूच, म्हणजे टी, यू, आणि चोरातल्या च ला मनूने शिकवलेले झेड, आय. पाव, म्हणजे पी, ए, ओ. ल म्हणजे एल, ई. यादीत पहिल्याच नंबरावर चार अक्षरं हजर. मी त्यांच्या प्रश्नाशी ताडून पाहिलं, शेवटी मी टायपिंगवाला. त्यांच्या प्रश्नात 饱 होतं, माझ्या उत्तरात 跑. उजवा भाग हुबेहूब, डावीकडे जरा फरक. फॉन्ट वेगळा असेल, म्हणून पाठवून दिलं आणि सुनंदाकडे चहा मागितला.

चहा यायच्या आत निरोपांची रांग लागली. मग व्हिडिओ कॉल, थेट मला. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी, आणि त्या एकसारखं म्हणत होत्या, "थूथू? थूथू?"

सुनंदा चहा तसाच ठेवून धावत आली. "काय लिहिलंत तुम्ही त्यांना?"

"पोट भरलं, एवढंच."

"पोट भरलं म्हणून कोणी रडतं का?"

मनूला फोन लावला, लागेना. लेण्यांत रेंज नव्हती. पलीकडे ती बाई रडत होती, आणि मला तिच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं. मी उभा राहिलो, कॅमेऱ्यासमोर पोट आणलं, ते फार लांबून आणावं लागत नाही, त्यावर दोन थापा मारल्या आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तूच पाव ल."

त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तूच?"

"तूच. पाव ल."

मग त्यांनी डोक्यावर दोन बोटं कानांसारखी उभी केली. "थूच?" आणि तीच दोन बोटं टेबलावरून तुरुतुरु पळवली. मी जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवली. त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं, खांदे हलायला लागले. सुनंदा म्हणाली, "परत रडवलंत." पण ते रडणं नव्हतं. हसू आवरत नव्हतं त्यांना.

दुपारी मनू आणि वेई परतले तेव्हा उलगडा झाला. "बाबा," मनू म्हणाली, "चिनी जेव्हा इंग्रजी अक्षरांत लिहितात ना, तेव्हा आपला त म्हणजे डी, आणि टी म्हणजे थ. आपला प म्हणजे बी. तू ऐकलंस बरोबर आणि लिहिलंस मराठी माणसासारखं. तूच म्हणजे पोट, थूच म्हणजे ससा. त्यात पाव लिहिताना पी दाबलास, म्हणून भरलं च्या जागी पळालं. तू त्यांना कळवलंस, ससा पळाला."

"मग ससा पळाला तर रडायचं काय?"

वेई कानापर्यंत लाल झाला. त्याचा जन्म चिनी पंचांगातल्या सशाच्या वर्षातला, म्हणून आई त्याला लाडाने थूथू, म्हणजे ससुल्या, म्हणते. म्हणजे मी त्या बाईंना, त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्या घरी उतरलेला असताना, लेखी कळवलं होतं की तो पळाला. आणि त्याचा फोन लागत नव्हता.

कान्याची चूक नव्हती, हे खरं. पण तीस वर्षांचा दिमाख त्या दुपारी फजितेक्सच्या नावाला जागला. रात्रीच्या जेवणाआधी विहीणबाईंचा निरोप आला. तो वेईने चिनीत वाचला, मनूने मराठीत सांगितला. आधी माझ्यासाठी गृहपाठ होता. 饱 आणि 跑 वीस-वीस वेळा लिहून पाठवा. डावीकडे अन्न असलं की पोट भरतं, डावीकडे पाय असला की पळतं. आणि खाली दोन ओळी: "ससा पुन्हा कधी पळालाच, तर कुठे शोधायचा ते घर मी आज पाहिलं. पत्रिका छापा, पण शुद्धलेखन मी तपासणार."

सुनंदाने देवाजवळ साखर ठेवली. मी गृहपाठाला बसलो.

आता आमच्या घरी पोट भरलं असं कोणी म्हणत नाही. ओसाकाहून मनू लिहिते, ससा पळाला. सूचौहून विहीणबाई नुसतं सशाचं चित्र पाठवतात. आणि गावी आईला फोन लावला की मी कंट्रोल-स्पेस दाबतो, मनातल्या मनात, आणि काकाने बंद केलेली मालवणी सुरू होते. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे. हा सगळा किस्सा तिने माझ्याकडून तीनदा ऐकला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतेय अशी हसली. परवाही तिने तेच विचारलं, "प्वाट भरला मां रे?"

मी म्हटलं, "ससो पळालो, आये."

"पळांदे मेल्याक," ती म्हणाली. "भूक लागली काय येतलो घराक."