टाचमामाची दुसरी साक्ष

माणसाचं तोंड बघायची टाचमामाला सवयच नव्हती. तीस वर्षं बसथांब्यासमोरच्या टपरीत बसून त्याने बघितले ते फक्त तळवे. गिऱ्हाईक आलं की हा आधी चप्पल उलटी करणार आणि म्हणणार, "कंबर धरते ना हल्ली?" गिऱ्हाईक चाट! मागे पिशव्यांना चेन लावत बसलेली मामी करवादायची, "अहो, आधी शिवा. भविष्य नंतर सांगा."

मोठ्या बाईंनी त्याला हेरलं ते असंच. खुनांच्या तपासाचं एक खास पथक त्या चालवायच्या, आणि पथक कसलं, एकेक नग गोळा केलेला! बाई स्वतः विचार करताना स्वेटर विणायच्या, आणि तपास अडला की सगळा उसवायच्या. डॉक्टर हाती लागेल ते हुंगायचा, फायलीसुद्धा. तिसरा आकडेमोडवाला, तो दुपारी बारापर्यंत कुणाशी बोलायचा नाही. बाईंची सँडल हातात घेऊन मामा म्हणाला, "उजवा पाय आपटता तुम्ही. साहेबांशी बोलताना असेल." बाई खो खो हसल्या, आणि आठवड्याभरात पथकाच्या खोलीत मामासाठी चौथी खुर्ची आली. त्यानंतर मामाने चार खुनी पकडून दिले. छाती फुगणारच हो, कुणाचीही फुगेल.

मग ते औषधाच्या दुकानातलं प्रकरण आलं. दुकानवाल्या बाईंना मागच्या खोलीत कुणीतरी मारून टाकलं होतं. जमिनीवर सांडलेल्या पावडरीत बुटांचे दोन ठसे, अगदी स्वच्छ. मामा उकिडवा बसला, आणि काय सांगू, तो माणूस त्याच्या डोळ्यांसमोर चालायलाच लागला! "याचा डावा गुडघा वाकत नाही. उजव्या पायाने दिवसभर पॅडल दाबतो. यंत्रावरचा माणूस आहे." डॉक्टर हुंगायचा थांबला. चार दिवसांत मागच्या गल्लीतल्या कारखान्यातला प्रेसवाला सापडला. डावा गुडघा ताठ, आणि दुकानवालीशी त्याचं महिन्यापूर्वीच कडाक्याचं भांडण झालेलं. बूट कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणे, हरवले. कोण विश्वास ठेवणार?

कोर्टात प्रेसवाल्याच्या वकिलाने विचारलं, "तुमची चूक होऊ शकते?"

"माझी?" मामा खणखणीत आवाजात म्हणाला. "तीस वर्षांत झाली नाही, साहेब."

प्रेसवाल्याला जन्मठेप झाली.

वर्षभराने एक बाई टपरीवर आली. हातात पुठ्ठ्याचं टोकन होतं, मामाच्याच अक्षरातला आकडा त्यावर. "मामा, फार उशीर झाला, पण हे बूट असतील का हो अजून? यांना न सांगताच तुमच्याकडे शिवायला टाकले आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तिकडेच होते मी. यांच्या निकालालासुद्धा येता आलं नाही. परवा जुन्या पिशवीत हे सापडलं. बूट मिळाले तर माझा नवरा सुटेल."

"कसले बूट होते?" मामाने विचारलं.

"काळे. सांगितलं होतं ना तेव्हा तुम्हाला, हे प्रेसवर असतात, उजव्या पायाने दिवसभर पॅडल, डावा गुडघा वाकत नाही म्हणून."

मामी मागून म्हणाली, "अहो, सहा महिने न नेलेला जोड होता तो. तो अनवाणी माणूस आला होता, त्याला तुम्हीच नाही का देऊन टाकलात?"

दिला होता. खुनाच्या आधी पंधरा दिवस, स्वतःच्या हाताने. म्हणजे ठसे काही बोललेच नव्हते. बोलली होती ती ही बाई, इथेच उभी राहून. आणि आपल्याच टपरीतली आठवण मामाला आपली हुशारी वाटली होती. तरी माणूस पळपुटा नव्हता. "ताई," तो म्हणाला, "ती साक्ष मीच दिली होती." ती टपरीच्या खांबाला धरून उभी राहिली.

मामा तडक मोठ्या बाईंकडे गेला. सगळं ऐकून त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं.

"तो अनवाणी माणूस कसा दिसत होता?"

"तोंड नाही बघितलं, बाई. टाचा फुटलेल्या होत्या."

बाई डोकं धरून बसल्या. तरी वरिष्ठांशी भांडून त्यांनी प्रकरण पुन्हा कोर्टापुढे नेलं, आणि मामा दुसऱ्यांदा पिंजऱ्यात उभा राहिला. या वेळी विचारणारा सरकारी वकील होता.

"वहीत नोंद आहे?"

"नाही, साहेब. वही नाही ठेवत मी."

"हे टोकन त्याच बुटांचं कशावरून?"

"ते... म्हणजे मला... मला वाटतं, साहेब..."

"वाटतं? गेल्या वेळी तर तुमची चूकच होत नव्हती. मग तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

मामाला घाम फुटला. शब्द एकाला एक लागेनात. खरं सांगायला आलेला माणूस, पण बघणाऱ्याला चोर वाटावा अशी त्याची अवस्था. न्यायाधीशांनी दोन्ही साक्षी ताडून पाहिल्या. पहिली ठाम आहे, आजची डळमळीत, शिक्षा कायम.

बाहेर व्हरांड्यात प्रेसवाल्याची बायको उभी होती. मामा हात जोडून समोर गेला. शिव्या घाल, थोबाडीत मार, काहीही कर, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ती ओरडली नाही की रडली नाही.

"मामा," ती म्हणाली, "त्या दिवशी असं अडखळला असतात तर."

आणि ती जिना उतरून गेली.