मूळ सीडीचे मालक

अख्ख्या बारामती तालुक्यात स्वतःच्याच घरातून गाणं चोरीला जाऊ नये म्हणून पहारा देणारा एकच गृहस्थ असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. लोणी भापकरला त्यांची डाळिंबाची बाग आहे, आणि भेदिकाच्या सीड्यांचा एक संच आहे. एका पक्षानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊनच जबाब द्यायचा, असं ते भेदिक. इंदापूरच्या ज्या दुकानातून संच घेतला ते दुकान कधीच बंद पडलं, आणि आता तो कुठंही मिळत नाही. साडूंनी त्याची नक्कल फोनवर घेतली, पेनड्राइव्हवर घेतली, ट्रॅक्टरवर वाजेल अशी सोय केली. मात्र दुसऱ्या कुणी मागितली की कुणी बांध कोरल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

डबीवर 'नक्कल करण्यास मनाई' असं छापलेलं. म्हणून त्यांनी तहसील कचेरीबाहेरचा एक वकील गाठला. तो बिचारा वाटण्यांचे दावे चालवणारा. "घरच्यापुरतं ऐका हो, कोण विचारतंय!" असं तो वैतागून म्हणाला, आणि साडूंनी तोच निकाल मानला. "मूळ डबी म्हंजी सातबारा," ते मला समजावतात. "ती माझ्याकडं हाय तवर नकला माझ्या. तुमाला दिली की चोरी झाली." त्यामुळे मलाही त्यांच्या ओट्यावर बसूनच ऐकावं लागतं. येईल त्याला चहा मिळतो, गाणं मिळत नाही. "एक गाणं वाचवायला किती साखर घालवता वो?" त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या आक्कांची कुरकुर चालूच असते.

मग साडूंच्या लेकीचं लग्न झालं. भवानीनगरला सासरी निघताना तिनं एवढंच मागितलं, "आबा, ती गाणी माझ्या फोनवर घाला की." लेक खरी, पण आता घर वेगळं. साडू आत गेले आणि अख्खा मूळ संच आणून त्यांनी तिच्या ओटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर हा माणूस फोनवरचं एकेक गाणं पुसत बसलेला.

"अहो, राहू द्या, कोण बघतंय?" मी म्हणालो.

"सातबारा लेकीच्या नावावर झाला. माझी वहिवाट संपली."

मला संताप आला, आणि त्या संतापातच त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी आक्कांना आणखी एक चहा टाकायला सांगितला.

लेकीच्या घरी कामाशिवाय जायचं नाही, हा त्यांचा जुना दंडक. आता काम आहे. एकदा मीही सोबत गेलो होतो. लेकीनं सीडी लावली, साडू डोळे मिटून बसले. सवाल संपला, जबाब सुरू होणार, एवढ्यात तिनं प्लेअर बंद केला.

"जबाब पुढच्या खेपंला, आबा."

साडूंना तो जबाब तोंडपाठ आहे.

"व्हय, येतो की," ते म्हणाले.