मामींपासून मोजा

बायकोच्या मामांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी एका झटक्यात अख्खं आकाश पुसून टाकलं होतं. नवं लग्न, अनोळखी रस्ता, पोचायला झालेला उशीर. मी स्कूटरचा दिवा लावून थेट त्यांच्या मागच्या अंगणात घुसलो. अंधारातून मफलर गुंडाळलेला एक माणूस माझ्या अंगावर असा धावून आला, की जणू सूर्य भलत्या वेळी उगवलाय आणि त्याला मीच जबाबदार आहे.

"तीन तासांचे तारे घालवलेत, जावईबापू," तो म्हणाला. "आता आलाच आहात तर चहा घ्या."

मामा दिवसा लोकांच्या घरची पाण्याची मीटरं वाचत आणि रात्री ताऱ्यांचे फोटो काढत. तिकाटण्यावर जुना कॅमेरा, त्याचं तोंड ध्रुवताऱ्याकडे आणि शटरची झडप तासन्‌तास उघडी. पृथ्वी फिरते, त्यामुळे फिल्मवर प्रत्येक ताऱ्याची गोल रेघ उमटते. मामांना एकच फोटो हवा होता: संध्याकाळच्या काळोखापासून पहाटेपर्यंतची सबंध रात्र, एका चौकटीत. वीस वर्षं ते त्याच्या मागे होते. पृथ्वीने आपलं काम चोख केलं. आडवे आले ते ढग, विमानं, शेजाऱ्यांचा संडासातला दिवा आणि मी. भिंगावर दव बसू नये म्हणून मामा गरम वाळू भरलेला पायमोजा त्याला गुंडाळत. तो मोजा माझा असे आणि परत कधीच मिळत नसे.

यात एक अडचण होती. रात्रीची फिल्म धुतली की जवळजवळ कोरी दिसते. एक चौकट कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे लॅबवाल्याला कळत नाही आणि तो भलतीकडेच कात्री चालवतो. म्हणून मामा प्रत्येक रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी काढत. मागच्या दारात मामींना उभं करत आणि लॅबच्या पाकिटावर लिहीत, 'बाईपासून मोजा.'

"लग्नात एक फोटो धड काढला नाही माझा," मामी पदराला हात पुसत म्हणायच्या. "आता मी म्हणजे मैलाचा दगड."

"जरा डावीकडे सरक."

"दगड सरकत नसतात."

पण सरकायच्या. दर रोलला.

मग फिल्म मिळेनाशी झाली. लॅबवाल्याने महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरवलं. मामांकडे एक रोल उरला होता आणि हातात एक अमावास्या. त्या आठवड्यात मामी बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी परगावी गेल्या होत्या. मोजा द्यायला मी हजर होतो. रात्र अशी लख्ख निघाली, की मामांना भीतीच वाटायला लागली. ढग नाही, दव नाही. शेजारी लग्नाला गेलेले. पहाटे त्यांनी झडप बंद केली आणि कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून घरात नेला. वाटेत उंबरठ्याला सांभाळून पाय टाकायला मलाच दोनदा बजावलं.

रोल लॅबमध्ये गेला. मामांनी सवयीने पाकिटावर लिहिलं, 'बाईपासून मोजा.' लॅबवाल्याने इमानदारीने बाई शोधली. रोलभर बाई नव्हती. रोल वाया गेलाय असं समजून त्याने अंदाजाने तुकडे केले. कात्री नेमकी ध्रुवताऱ्यावरून गेली.

मी बातमी ऐकून गेलो, तेव्हा मामा खिडकीच्या काचेवर दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून धरून बसले होते. रेघा होत्या. खरोखर सुंदर होत्या, दोन्हीकडे अर्ध्या अर्ध्या.

"मामी नव्हत्या, तर नुसत्या दाराचा काढायचा ना फोटो," मी म्हणालो. "दिवसाउजेडी काहीही चाललं असतं. बादलीसुद्धा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"दाराचा?" ते म्हणाले. "दाराचा कशाला काढू?"

दुसऱ्या दिवशी मामी परतल्या. त्यांनी तुकडे पाहिले. स्वतःहून मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पण रोल नव्हता. मामांनी नंतर ताऱ्यांचा एकही फोटो काढला नाही. लॅब ठरल्याप्रमाणे तीस तारखेला बंद झाली आणि तिथे आता दातांचा दवाखाना आहे.