विश्राम गुरवाचा डोळा

विश्राम गुरवाने फूल बदललं, तेव्हाच गावाने ओळखायला हवं होतं.

आमच्या वाडीच्या देवळात कौल लावायचा तो पिटकोळीच्या तांबड्या पाकळ्यांनी. गाभाऱ्यात काळा पाषाण. गुरवाने एक पाकळी पाण्यात भिजवून पाषाणाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या अंगाला, आणि ज्याचं काम असेल त्याचं गाऱ्हाणं देवीपुढे घालायचं. मग वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. चेडवाचं म्हणजे मुलीचं लग्न, विहिरीची जागा, होडीचं नवं इंजिन, आजारपण, आमच्याकडे सगळं आधी पाषाणाला विचारायचं, मग माणसाला. आणि कुठली पडली ते सांगायचा अधिकार एकट्या गुरवाचा. बाकीचे उंबऱ्याबाहेर हात जोडून.

तर एका वर्षी विश्रामने पिटकोळी सोडली आणि तगर घेतली.

"रे विश्राम, फूल कित्या बदललंस?" भिकाजी मास्तरांनी विचारलं. निवृत्त माणूस, चौकशा करणं हाच धंदा.

"देवीक पांढरा बरा दिसता," विश्राम म्हणाला.

"देवीक बरा दिसता, की तुका?"

लोक हसले. विश्रामही हसला. मग कुणी काही विचारलं नाही. गुरवाचा डोळा जुना झाला असं बोलायचं कुणी? त्या डोळ्याच्या जिवावर आम्ही पोरी दिल्या होत्या आणि बांध घातले होते.

विश्राम तसा रागीट माणूस नव्हे, पण शब्दाचा कडक. त्याच्या बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. पाकळी पडल्यावर एकदा बोललास की दुसऱ्यांदा बोलायचं नाही. बायको नर्मदा उंबऱ्याशी समई धरून उभी राहायची. तिचे डोळे चांगले होते, पण तिने कौलात कधी तोंड उघडलं नाही. गुरवाच्या घरात सून होऊन आली तेव्हा सासूने पहिलं तेच सांगितलं होतं.

शेवटी घरातच उघडं पडलं. जेवताना विश्रामने बांगड्याचा काटा गिळला. काटा नीट काढला समजून घास तोंडात टाकला होता. खोकून खोकून लाल झाला. नर्मदेने पाठीत बुक्के घातले आणि दुसऱ्या दिवशी पुतण्या प्रीतमच्या रिक्षात घालून त्याला तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला धीमी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणाली. उजव्यात कमी, डाव्यात पुरता पिकलेला. "आधी उजवा करू. बारीकशी चीर, आतला मोतीबिंदू मशिनने फोडून ओढून घ्यायचा आणि त्याच पिशवीत घडीची लेन्स बसवायची. ती आत जाऊन उलगडते. टाका नाही."

"उलगडता म्हणजे? फुलासारखी?" विश्रामने विचारलं.

"तशीच समजा."

त्याला ते आवडलं असावं. परत येताना रिक्षात दोनदा बोलला, "फुलासारखी."

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर त्याला नर्मदेच्या कानातली कुडी दिसली, दवाखान्याच्या भिंतीवरची पाल दिसली. डॉक्टरणीने थेंब दिले आणि बजावलं, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धूर नाही, वाकायचं नाही. "आणि आजोबा, डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधारल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

नर्मदेने हे ऐकलं. विश्रामनेही ऐकलं. पण नवरात्र तोंडावर होतं, आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय गुरव पाषाणाला हात लावत नाही.

"प्रीतमाक करूक सांगा पूजा," नर्मदा म्हणाली.

"प्रीतमाक गाऱ्हाणा येता? तो रिक्षाच्या हॉर्नान गाऱ्हाणा घालतलो."

"मगे गळ्याखालसून आंघोळ करा. देवी काय बघूक येता?"

"देवी बघता म्हणान तर आपण जेवतंव गो."

विहिरीवर जाऊन त्याने कळशी डोक्यावर ओतली. डोळा हाताने झाकला होता, असं तो नंतर सांगायचा. झाकला असेलही. पावसाळ्यानंतरचं विहिरीचं पाणी, गढूळ. नवा डोळा झाकायला हात पुरतो की काय?

घटस्थापना झाली आणि डोळा ठणकायला लागला. आधी बारीक, कुसळ गेल्यासारखा. मग असा की विश्राम भिंतीला डोकं टेकून बसला. पापणी सुजून मिटली. जेवढा उघडत होता त्यात धुकं.

"उठा, प्रीतमाक हाक मारतंय," नर्मदा म्हणाली.

"नवरात्रात घट सोडून खंय जाऊ? कौल घेतंय. देवी जा म्हणाली तर जातंय."

गुरवाने स्वतःसाठी कौल लावू नये असं नाही, पण लावत नाहीत. विश्रामने लावला. दुपारची वेळ, देवळात दुसरं कुणी नाही. तगरीच्या दोन पाकळ्या भिजवून पाषाणाला लावल्या. "आई, दवाखान्यात जावक व्हया तर उजवी दी, हयसर बरा होवचा आसात तर डावी दी." नर्मदा उंबऱ्यात समई घेऊन. उजवा डोळा मिटलेला, आणि ज्याने बघायचं तो डावा ताकासारखा पांढरा.

पाकळी पडली.

"डावी," विश्राम म्हणाला. "थांबाक सांगता."

नर्मदेने उजवी पडलेली बघितली होती. तिच्या अगदी समोर. उजव्या अंगाने घरंगळत आली आणि पाषाणाच्या पायथ्याशी पडली. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं, समई खाली ठेवली आणि घरी जाऊन हळदीच्या पाण्याचा फडका केला.

दोन दिवसांनी त्याला गोव्याला न्यायची वेळ आली. बुबुळाच्या मागे पू धरला होता. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली, मग आतलं सगळं धुवून काढलं, आणि ती फुलासारखी उलगडलेली लेन्सही काढून टाकली. डोळ्याचा गोळा वाचला. नजर गेली. "पहिल्याच दिवशी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं," असं एक डॉक्टर प्रीतमला म्हणाला. नर्मदा बाजूलाच बाकावर बसली होती.

घरी आल्यावर तिने सांगून टाकलं. चुलीकडे बघत, त्याच्याकडे नव्हे.

"त्या दिवशी उजवी पडली होती."

विश्रामने तिच्या आवाजाकडे तोंड फिरवलं.

"डावी पडली. माका दिसली."

"माका समोर दिसली ओ. मी समई धरून होतंय."

"डावी पडली!" तो ओरडला. गाभाऱ्याबाहेर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. "पुन्हा ह्या बोललंस तर तुझ्या हातचा खावचंय नाय."

नर्मदा पुन्हा बोलली नाही. तो डावीच का धरून बसला ते तिला कळत होतं. ती एक पाकळी चुकीची दिसली असं मान्य केलं, तर आधीच्या किती? त्यांचा हिशोब कुणी करायचा?

कौल आता प्रीतम लावायला लागला. गाऱ्हाणं हॉर्नसारखं नव्हतं, बरंच जमत होतं त्याला. विश्राम सभामंडपात खांबाला टेकून बसायचा. डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. डॉक्टरणीने निरोप पाठवला होता. हा डोळा असाच ठेवला तर मोतीबिंदू आत फुगेल, दाब वाढेल, मग दुखून दुखून हाही जाईल. मोतीबिंदू दगडासारखा झालाय, मशिनने फोडता यायचा नाही, मोठी चीर घेऊन अख्खा काढावा लागेल. पण होईल.

"माका नको," विश्राम म्हणायचा. "एक दिलंय, पुरे."

शेवटी नर्मदेनेच प्रीतमला सांगितलं, कौल लाव. मंगळवार होता, चारपाच माणसं होती. त्यात खालच्या आवाठात, खालच्या वस्तीत, राहणारा महादूही नारळ घेऊन आला होता. काही वर्षांपूर्वी महादूच्या लेकीला, सुगंधाला, शिरोड्याहून चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा बोटीवर, घर माडबागेतलं. विश्रामने कौल लावला तेव्हा डावी पडली. महादूने सोयरिकीचा नारळ परत पाठवला. तो मुलगा पुढे दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला, सुगंधा घरातच राहिली.

प्रीतमने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं. पाकळी पडली.

"उजवी!" सगळेच एकदम बोलले. महादूसुद्धा.

"खोटा बोलतास," विश्राम खांबाकडून म्हणाला. "माका सुरी लावची म्हणान सगळे एक झालास."

"तर मगे तूच येवन बघ रे," भिकाजी मास्तर म्हणाले. "हात आसत मां तुका?"

टोमणा होता. पण विश्राम उठला. आंघोळ झालेली होती, अडवायला कुणाला कारण नव्हतं. भिंत चाचपत गाभाऱ्यात गेला. पाषाणाच्या उजव्या अंगावरून बोट फिरवलं. नुसतं ओलं. डाव्या अंगावर फिरवलं. पाकळी तिथेच चिकटलेली, बोटाखाली.

तो हात तसाच ठेवून उभा राहिला.

"त्या दिवशी असो हात लावन बघूक व्हयो होतो," तो म्हणाला. हळूच, पण गाभाऱ्यात हळू बोललेलंही मोठं होतं.

नर्मदेने पदर तोंडाला लावला.

"खंयच्या दिवशी?" महादूने विचारलं.

"माझ्या डोळ्याच्या दिवशी."

"आणि माझ्या चेडवाच्या दिवशी?"

भिकाजी मास्तर म्हणाले, "महादू, सोड आता…"

"नाय मास्तरांनु. तेका बोलांदे. विश्राम, माझ्या सुगंधाच्या दिवशी तुका काय दिसला?"

विश्राम वळला. दोन्ही डोळे महादूच्या बाजूला, पण महादूवर नव्हेत. खोटं बोलणं सोपं होतं. सगळ्यांनी मानलंही असतं.

"तांबड्या पाकळ्यो होत्यो," तो म्हणाला. "काळ्या दगडार तांबडा माका दिसत नाय होता. एक काय तरी खाली गेला. मी डावी म्हटलंय." मग म्हणाला, "तुझ्या कौलानंतरच मी तगर घेतलंय, महादू."

महादू वाकला. उंबऱ्यावर ठेवलेला आपला नारळ त्याने उचलला, काखेत मारला आणि तीर्थ न घेता पायऱ्या उतरून गेला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोठी चीर, अख्खा तपकिरी खडा बाहेर, आत लेन्स. या वेळी महिनाभर नर्मदेने त्याला विहिरीकडे फिरकू दिलं नाही. डोळा स्वच्छ झाला. इतका की डॉक्टरणीने दुसऱ्या पेशंटांना दाखवायला त्याला थांबवून ठेवलं.

देवळात तो जातो, दिवा लावतो. कौल लावत नाही, आणि कुणी लाव म्हणतही नाही. प्रीतमच्या कौलालाही माणसं हल्ली कमी. काहीजण सरळ मसुऱ्याच्या देवळात विचारून येतात.

दुपारी तो पडवीत खुर्ची घालून बसतो. त्याच्या पडवीतून खालच्या आवाठातलं महादूचं खळं दिसतं. पूर्वी दिसत नव्हतं. सुगंधा तिथे आमसुलं वाळत घालते, एकेक सोल उलटते, कावळे हाकते. केसांत पांढरं दिसतं ते ऊन आहे की केस, हेही आता त्याला कळतं.

तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतो.