खुर्चीवरचे भाऊजी, बाजेवरचे भाऊजी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला लेकीकडे होते. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की आमचा वाद अर्ध्यावर राहिला. निघायच्या आदल्या दिवशीच ओसरीवर बसून आम्ही तावातावानं भांडलो होतो. विषय नेहमीचाच... राज्यकारभारात धर्माला जागा असावी की नसावी. मी म्हणत होते असावी, ते म्हणत होते नसावी. "जाऊन या अमरावतीले, मंग पुढचं सांगतो," म्हणाले. दर्यापूरमार्गे अकोटची एसटी धरून गावी पोचले तर अंगणात माणसं जमलेली, आणि पुढचं सांगणारा माणूस पांढऱ्या कापडात गप्प पडलेला. त्यांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. काही आठवडे झाले त्याला. हे लिहायला बसले ते शोक सांगायला नाही. तो वाद तेरवीनंतर वेगळ्याच रूपानं आमच्या घरात येऊन उभा राहिला... ग्रामपंचायतीच्या सभागृहात भाऊजींची शोकसभा होणार होती, आणि तिथे भजन करायचं की नाही, हे ठरवायचं माझ्यावर आलं. का आलं, ते कळायला माणूस कळायला हवा.

वासुदेव भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं घर फुलंवाल्यांचं. झेंडू, शेवंती, थोडी वांगी-मिरची, सगळं अकोटच्या बाजारात जातं. फुलं बांधायला रद्दीचे पेपर आणायचो, आणि माझी शाळा लवकर सुटलेली असल्यामुळे माझं पुढचं सारं शिक्षण त्या रद्दीवर झालं. भाऊजींचंही तसंच. त्यामुळे आमचे वाद नेहमी शिळ्या बातम्यांवर. एखादं सरकार पडून नवं आलेलं असायचं, आणि आम्ही अजून जुन्याच मंत्र्याला धारेवर धरून असायचो. फुलं मात्र ताजी. ती देवळात जायची, दर्ग्यावर जायची, पुढाऱ्याच्या गळ्यातही जायची. भाऊजी म्हणायचे, "फुलाले काय मालूम, कोणाच्या गळ्यात चाललं ते. आपल्याले मालूम पाह्यजे."

आता कोणाला वाटेल, माणूस देव न मानणारा असेल. छे हो! आंघोळ करून देवाला फूल वाहिल्याशिवाय चहा घेत नसत. खंजिरी अशी वाजवायचे की भजनात पेंगणारा माणूस ताठ बसावा. उलट मीच आळशी, सणावाराला तेवढा दिवा लावणारी. पण वादात ते धर्माला कारभारातून बाहेर काढायचे आणि मी आत ओढायची. जाऊ, म्हणजे त्यांची बायको निर्मला, हसायची. "पूजा करते तो म्हणते नको, अन् जिले आरती पाठ नाई ते म्हणते पाह्यजे!"

ते गावचे सरपंच होते तेव्हा त्यांना एक सवय लागली. आमच्या ओसरीवर एक लाकडी खुर्ची आहे आणि शेजारी सुतळीची बाज. लोक कामं घेऊन यायचे तेव्हा भाऊजी खुर्चीत बसून बोलायचे. दाखला, रस्ता, नाली, काय असेल ते. बोलता बोलता कोणी देवाधर्माचं काढलं, यात्रेची वर्गणी, सप्ताहाचा मंडप, की हे उठून बाजेवर जाऊन बसायचे. "हां, आता बोला. आता मी वासुदेव." वर्गणी द्यायचे, मंडपाला हातही लावायचे, पण बाजेवरून. खुर्चीवरून नाही. पोरं नकला करायची. एकदा तर एका म्हाताऱ्यानं मुद्दाम नाली, देव, नाली, देव असं आलटूनपालटून काढून त्यांना पाचसहा वेळा उठबस करायला लावली, आणि हेही उठत राहिले, बसत राहिले... शेवटी म्हातारा म्हणाला, "बस बाप्पा, मीच थकलो पाहून पाहून!" सरपंचपद गेलं तरी सवय राहिली. माझ्याशी वाद घालतानाही सरकारच्या बाजूचं बोलायचं तर खुर्ची, मनातलं बोलायचं तर बाज.

मी इतिहास काढायची. "राजे देवाच्या नावानंच राज्य करत होते ना भाऊजी? देवाचं भय होतं म्हणून तर विहिरी बांधल्या, धर्मशाळा बांधल्या." ते म्हणायचे, "वहिनी, आपल्या वऱ्हाडानं किती झेंडे पाह्यले! सुलतान झाले, भोसले झाले, निजाम झाला, इंग्रज झाला. परत्येकाचा देव अलग. शेतसारा कोणी सोडला? तुमीच सांगा." मी म्हटलं, शेतसारा राहू द्या, पाण्याचं बोला. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. जमिनीतलं पाणी खारं, डाळ शिजत नाही त्यात. गोड पाणी एकाच विहिरीला, ती देवळाची. "सरकारचं पाणी यायच्या आधी गावाले देवळानं पाजलं," मी म्हटलं. त्या दिवशी ते खुर्चीतून हलले नाहीत. हळूच म्हणाले, "गावाले पाजलं, वहिनी? सगळ्या गावाले?"

त्यांचा रोख मला लगेच कळला. कारण पलीकडच्या वस्तीतल्या बाया त्या विहिरीपासून दूर गुंड्या, म्हणजे घागरी, घेऊन उभ्या राहायच्या, आणि कोणाला दया आली तर वरून ओतायचे, हे मीही पाहिलेलं. एवढं असूनही मी वाद सोडला नाही. म्हटलं, तो धर्माचा दोष नाही, माणसांचा आहे. "असन," म्हणाले. "पण माणूस देवाले फितवते, म्हणून तर म्हणून राहिलो."

पुढे त्यांच्याच कारकिर्दीत नळयोजना झाली, टाकी उभी राहिली. पहिलं पाणी यायचं त्या सकाळी गावानं टाकीपाशी पूजा मांडली. पूजेचं ताट माझ्याच हातात होतं, हार आमच्याच मळ्यातले. गुरुजी मुहूर्ताची वाट पाहत होते. भाऊजींना मानाच्या खुर्चीत बसवलेलं. आणि त्यांचं लक्ष गेलं लांब, बाभळीखाली. पलीकडच्या वस्तीतल्या बाया गुंड्या घेऊन तिथे उभ्या होत्या. बरोबर तेवढ्याच अंतरावर, जेवढ्यावर त्या विहिरीपासून उभ्या राहायच्या. कोणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. पूजा दिसली आणि पाय आपोआप थांबले.

भाऊजी उठले. ताटातल्या नारळाला त्यांनी हात लावला नाही. नळापाशी गेले, तोटी सोडली आणि हाक मारली, "गंगूबाई, भर वं पहिली गुंडी! पाणी वाहून चाललं!" गंगूबाई पुढे येईना. तिनं आधी आमच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पाणी खरंच वाहून जात होतं, आणि खारपाणपट्ट्यातल्या बाईला ते पाहवत नाही. ती धावत आली. मुहूर्त मोडला म्हणून गुरुजी निघून गेले, गावात मोठा गहजब झाला, आणि पुढच्या निवडणुकीत भाऊजी पडले. नारळ त्यांनी त्या दिवशी घरी येऊन फोडला, अंगणात, एकट्यानं. खोबरं सगळ्यांना वाटलं. घेणारे कमी होते.

तर आता शोकसभेचं. माझी सून वैशाली सध्या गावची सरपंच आहे. ज्यांनी भाऊजींना पाडलं होतं त्यांच्याच घरची मंडळी तिच्याकडे आली. सभागृहात मोठा फोटो लावू, समई लावू, भजन करू, एवढा भजनी माणूस गेला... निर्मलालाही ते हवं होतं. "मले वाटते व्हावं," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. नवरा गेलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? वैशाली माझ्याकडे आली. "आई, तुमी तर काकाजींशी जल्मभर भांडल्या, धर्म कारभारात पाह्यजे म्हणून. मंग हो म्हणू ना मी?"

मी बाजेवर बसले होते. उठले, आणि भाऊजींच्या खुर्चीत जाऊन बसले. जरा उंच आहे ती, माझे पाय टेकेनात. म्हटलं, "सभा सभागृहात घे. भजन नाई."

निर्मला चमकली. "अव ताई, तुमी उलट्या कशा फिरल्या?"

"फिरली नाई मी. माझं म्हणणं तेच हाय. पण त्यायच्या बाजूनं बोलाले आता कोणी उरलं नाई ना." मग उठून तिच्याजवळ बाजेवर येऊन बसले. "भजन इथं करू, आपल्या ओसरीवर. तू म्हणशीन तेवढा वेळ."

सभा झाली. लोक बोलले, काही खरं, काही शोकसभेत बोलतात तसं. पुढच्या रांगेत गंगूबाई बसली होती, आता पार वाकलेली. समई लागली असती, भजन झालं असतं, तर ती तिथेच बसली असती की दाराशी... मला सांगता येत नाही. खरंच येत नाही. पण ती पुढे बसली होती, हे मी पाहिलं.

संध्याकाळी ओसरीवर भजन झालं. बसायच्या आधी निर्मला उठली आणि खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली. ते असते तर त्या वेळी खुर्चीत बसले नसतेच. भजन संपल्यावर तिनंच ती बाहेर आणली.

आता दुपारी मी ओसरीवर हार ओवत बसते. बाजेवर बसून रद्दीतली बातमी वाचते, माझं म्हणणं मांडते. मग उठून खुर्चीत जाते आणि त्याला उत्तर देते. आतून निर्मला विचारते, "कोणाशी बोलून राहिल्या, ताई?" मी सांगते, "अर्धं राह्यलं होतं, ते चालू हाय."