ठमीच्या टाळ्या

पाळणाघरात तिला सगळे आत्या म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईही म्हणत, ज्या वयाने तिच्यापेक्षा चांगल्या मोठ्या होत्या. ती नक्की कोणाची आत्या, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. तिच्याकडे रांगत्यांची खोली होती. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या गळ्यात रांगती पोरं कशाला बांधली, म्हणून ती रोज सकाळी एकदा तणतणायची आणि मग दिवसभर त्या पोरांमागे स्वतःच रांगायची.

हल्ली तिच्या डोक्याला एक नवाच ताप झाला होता. टाळ्या!

बाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. मुलाने काहीही केलं तरी कौतुक करा, असं तिथे सांगितलं होतं म्हणे. झालं! पोराने चमचा तोंडात घातला, वाजवा टाळ्या. कानात घातला, तरी प्रयत्न केला म्हणून टाळ्या. कोणी पॉटीवर बसलं की स्वयंपाकघरातली मावशी हातातलं काम टाकून धावत यायची. "अहो, शिंकलं तरी वाजवताय. यांना वाटेल आपण नाटकात काम करतोय," असं आत्याने म्हणून पाहिलं. पण तिचं ऐकतंय कोण! कौतुकाचं तिला वावडं नव्हतं. स्वतःचं बटण स्वतः लावणाऱ्या पोराचा गालगुच्चा तीही घ्यायची. पण अति तिथे माती, एवढंच तिचं म्हणणं होतं.

या टाळ्यांत नेमकी अडकली ठमी.

ठमी दीड वर्षाची, गोलमटोल, पायांनी दणकट. बुटकं टेबल धरून ती उभी राहायची, हात सोडायची आणि एक पाऊल टाकायची. की चारी बाजूंनी टाळ्या! मग ठमीही खूश होऊन टाळ्या वाजवायची, तोल जायचा, आणि स्वारी धप्पकन खाली. पुन्हा उठायची. एक पाऊल, टाळ्या, धप्प. चालणं म्हणजे एवढंच असतं, अशी तिची पक्की समजूत झाली होती. डॉक्टरांनी पाय तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं होतं. दोष पायांत असता तर औषध तरी मिळालं असतं, असं आत्या म्हणायची.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण महिना संपला की ठमीची जागा एका नव्या बाळाला जायची होती. ठमीने वरच्या मजल्यावर, चालत्यांच्या खोलीत जायचं. आणि तिथे न चालणारं मूल घेत नसत, धावणारी पोरं तुडवतील म्हणून. म्हणजे ठमी चालली नाही तर तिला घरी बसावं लागणार, आणि तिच्यापायी तिच्या आईलाही. आई बस चालवायची. दोनदा परीक्षा देऊन, सासरच्यांची समजूत घालून मिळवलेली नोकरी. पहाटे ठमी झोपेत असतानाच ती डेपोत जायची. संध्याकाळी न्यायला आली की ठमी आत्याच्या मानेला घट्ट मिठी मारून बसायची, आणि आई "राहू दे, राहू दे, येईल" असं हसत म्हणत तिची पिशवी भरत राहायची. ते हसू आत्याला बघवायचं नाही.

आत्याने बाईंशी कडाकडा भांडून आपल्या खोलीत टाळ्या बंद करवल्या. आठवड्यात ठमी दोन पावलांवर आली. मग सुट्टी आली, ठमी घरी राहिली, आणि परतली ती पुन्हा एक पाऊल, टाळ्या, धप्प. ये रे माझ्या मागल्या!

"घरी काय चालतं हो तुमच्या?" आत्याने आईला दारातच धरलं.

"काही नाही. सगळे कौतुक करतात तिचं."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"सासूबाई, सासरे, दीर, आमचे हे."

"आणि तुम्ही?"

आई उगाचच ठमीची पिशवी उघडून पुन्हा बंद करायला लागली.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "चला, आज मीच येते. ही मंडळी बघायलाच हवीत एकदा."

मंडळी तिच्या अपेक्षेपेक्षाही वरचढ निघाली. ठमीने घरात येऊन बाबांची चप्पल उचलली, तर आजोबांनी टाळ्या वाजवल्या. ती चप्पल तिने चाटली, तर काकाने वाजवल्या.

"बंद करा आधी ते!" आत्या कडाडली. मग तिने सगळं समजावून सांगितलं. टाळ्यांनी पोर बसते, पोर बसली तर हिची नोकरी बसते, हे दोनदा सांगितलं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. तेवढ्यात ठमी पलंगाला धरून उभी राहिली, आणि आजीने टाळ्या वाजवल्या.

"अहो आजी!"

"आपोआप वाजते हो," आजी ओशाळून म्हणाली. "आपल्या हातात का आहे ते?"

"नाही ना? मग हातात दुसरं काहीतरी देते."

आत्या तडक स्वयंपाकघरात गेली आणि प्रत्येकासाठी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन आली. "दोन्ही हातांनी धरायचा. ज्याचा सांडेल त्याने घर पुसायचं."

"आत्या, हे जरा जास्तच होतंय," काका म्हणाला.

"तुझ्या लग्नात बँड लाव. आत्ता पेला धर."

आईला तेवढा पेला दिला नाही. तिला खोलीच्या त्या टोकाला, खाकी कपड्यांतच, हात पसरून बसवलं. आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली.

ठमीने पलंग सोडला. एक पाऊल टाकलं आणि थांबली. सवयीने हात वर केले, आजीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. आजोबांचा पेला थरथरत होता, बाबांनी ओठ गच्च मिटले होते. कोणी काही करेना. ठमीला काही कळेना. मग हात तसेच ठेवून तिने दुसरं पाऊल टाकलं. तिसरं. चौथं! आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पेला काही हलला नाही.

आणि मग आत्याच्या लक्षात आलं, की ठमी आईकडे येतच नाहीये. ती वळली होती कोपऱ्याकडे. आत्याकडे बघून हसत, डुलत डुलत येत होती.

आईच्याही लक्षात आलं. तिचे पसरलेले हात हळूहळू खाली आले आणि चेहऱ्यावर तेच हसू आलं, पाळणाघराच्या दारातलं.

अगं कार्टे, आत्ता नको! आत्याच्या जिवाचं पाणी झालं. ओरडावं तर पोर दचकून बसेल. गप्प बसावं तर तिच्याच मांडीत येऊन पडेल, आणि हे घर जन्मभर ते विसरणार नाही. मग दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत ती रांगली. भिंतीकडेने भराभरा सरकत आईच्या पाठीमागे गेली आणि तिच्या पाठीआड दडून बसली.

ठमी गोंधळली. तिची नजर आत्यामागून फिरली, मग पावलंही फिरली. मध्ये होती आई. दोन पावलं घाईघाईने पडली आणि ठमी थेट आईच्या छातीवर येऊन आदळली.

आईने तिला असं काही आवळलं, की पोर किंचाळली. खोलीत एकच गलका झाला. कोणाचा तरी पेला पडला.

"बघितलंत आत्या?" मान वळवून आई रडत विचारत होती. "माझ्याकडे आली! एवढे सगळे होते, पण माझ्याकडेच आली!"

"मग काय शेजाऱ्यांकडे जाणार होती?" आत्या खेकसली. "काहीतरीच विचारता!"

आणि गुडघे चोळत ती उठली आणि दाराशी आपल्या चपला शोधायला लागली.