दोघांत एक खिडकी

भाद्रपदातल्या ओल्या उन्हाला एक वास असतो. दोरीवर वाळता न वाळणाऱ्या कपड्यांचा, तापलेल्या पत्र्याचा आणि शेजारच्या अंगणातल्या चाफ्याचा मिळून झालेला, जराशी गुंगी आणणारा वास! अमरावतीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तो दुपारभर कोंडून राहायचा, आणि समोर असायचा संगणकाचा काळाभोर पडदा, तळाशी एक हिरवीगार पट्टी मिरवणारा. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून घरी यावे, पंख्याखाली बसावे आणि त्या हिरव्या पट्टीकडे पाहत राहावे, हा दोन वर्षे माझा नित्यनेम होता. विवाहित पुरुषाने एकटे बसून एका पट्टीकडे काय पाहावे, असे तुम्ही विचाराल. सांगतो.

माझी पत्नी प्रज्ञा अकोल्याला कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर संशोधन करते. कोणत्या गावात अळी केव्हा उठणार, याचे भाकीत करणारे एक गणित तिने मांडले आणि त्याचा प्रोग्राम मी लिहून दिला. तो चालतो तिच्या अकोल्याच्या संगणकावर, आणि एकदा सुरू झाला की तासन्तास चालतो. सुरुवातीला मधेच माझी वीज जायची, नाहीतर इंटरनेट. आणि जोडणी तुटताच सारे गणित मुळापासून नाहीसे व्हायचे. असे वारंवार झाल्यावर मी टर्मिनल मल्टिप्लेक्सर नावाच्या सुविधेला शरण गेलो. नाव अवजड असले तरी स्वभाव मायाळू! आपण तिच्या हवाली एक सत्र करायचे, म्हणजे पडद्याच्या तळाशी ती हिरवी पट्टी उमटते. त्या सत्रात हव्या तितक्या खिडक्या उघडायच्या, एकेका खिडकीत वाटतील तितकी तावदाने पाडायची, आणि मग खुशाल निघून जायचे. आपली वीज जावो, तार तुटो, आपल्याला जेवायला उठावे लागो. दूर तिकडे काम चालूच असते. परत येऊन जोडून घेतले की सारे जिथल्या तिथे. विलग होणे म्हणजे संपणे नव्हे, हे इतक्या सौम्यपणे मला आजवर कुणीच समजावले नव्हते.

प्रज्ञाला सत्रातून विलग व्हायची बटणे शिकवताना मात्र माझे तत्त्वज्ञान फारसे टिकले नाही.

"आधी कंट्रोल आन बी, मंग सोडायचं, मंग डी," ती फोनवर म्हणाली. "हे काय मंतर हाये का? एकच बटन काहून नाई ठेवलं त्याईनं?"

तेल्हाऱ्याच्या कापूसवाल्या घरातली ही मुलगी. आडवळण तिला ठाऊकच नाही. पण चार दिवसांत तिची बोटे माझ्याहून चपळ झाली. मग आम्ही दोघे एकाच सत्राला जोडून घेऊ लागलो, आणि काय सांगू तुम्हाला! एका सत्राला दोघे जोडले की दोघांचा पडदा एक होतो. ती अकोल्यात एक अक्षर उमटवते आणि ते माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत, आपोआप उमलते! तिची घाई, तिचे थबकणे, चुकलेले अक्षर खोडताना होणारी तिची चिडचिड, सारे मला दिसायचे. प्रेमपत्रांच्या काळातल्या कोणत्या प्रियकराला प्रेयसीचा हात लिहिताना पाहण्याचे भाग्य लाभले असेल?

या भाग्याला एक खोट होती. ती कधी बसमधून, इवल्याशा मोबाइलवरून जोडून घ्यायची. आणि पडदा एकच असल्यामुळे माझा भलामोठा पडदा आक्रसून तिच्या मोबाइलएवढा व्हायचा. उरलेल्या जागेत नुसते ठिपके! मी तक्रार केली. "मोठे तुमी हा ना," ती म्हणाली, "मंग तुमीच घ्या जरासं लहान होऊन." मी लहान झालो.

श्रावणाच्या अखेरीस तिची अकोल्यातली नोकरी कायम झाली. रविवारी ती पेढे घेऊन आली. जेवताना मी अत्यंत आनंदाने म्हणालो, "मी घर पाहिलंय." आणि त्याच क्षणी तीही म्हणाली, "म्या घर पाह्यलं." आम्ही एकमेकांकडे कौतुकाने पाहिले. मग कळले, की माझे घर अमरावतीत होते आणि तिचे अकोल्यात.

पुढचे संभाषण उदात्त नव्हते. अकोला ही भट्टी आहे, असे मी म्हणालो. "आन तुमची अमरावती काश्मीर लागून गेली?" असे ती म्हणाली. दोन तासांच्या अंतरावरची दोन गावे, पण त्या जेवणात त्यांच्यामध्ये महासागर पसरला. दोन वर्षे दोघांनी शनिवार-रविवारच्या बळावर संसार ओढला होता. आता एकाने तरी आपले गाव सोडायला हवे होते, आणि 'तू' म्हणणे जितके सोपे होते तितकेच 'मी' म्हणणे अवघड. तुम्हीच सांगा, ते आधी कोणी म्हणायचे?

सोमवारी सकाळी ती निघाली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "मले फोन करू नका."

मी केला नाही. तिनेही केला नाही. पेढ्यांच्या डब्यावर मुंग्या आल्या.

पण गणित थांबायला तयार नव्हते. अळीचा हंगाम तोंडावर आला होता, प्रोग्राममध्ये दुरुस्त्या लागत होत्या, आणि त्या केवळ मलाच कळत होत्या. म्हणून मी सत्राला जोडून घेई. पाहावे तो तीही जोडलेली! फोनवर अबोला धरलेले दोन मानी जीव एकाच पडद्यासमोर, शंभरेक किलोमीटरवर, श्वास रोखून बसलेले. मी पहिल्या खिडकीत गेलो की तिच्याही पडद्यावर पहिली खिडकी येणार. ती चटकन दुसरीत जाई. माझाही पडदा दुसरीत. मी पुन्हा पहिलीत. ती दुसरीत. टीव्हीच्या रिमोटवरून भांडणारी भावंडे तरी याहून प्रौढ दिसतात! अखेर एकदा पडद्यावर अक्षरे उमटली. लिपी रोमन, पण भाषा अस्सल:

"काहून छळून राहिले?"

आणि तिने रागाच्या भरात एन्टर दाबले. संगणकाला वाटले, ही आज्ञाच आहे. त्याने नम्रपणे कळवले की 'काहून' नावाची आज्ञा उपलब्ध नाही. मला हसू फुटले. तिलाही फुटले असणार, कारण पडदा बराच वेळ निश्चल होता. पण त्या हसण्याची बातमी एकमेकांना द्यायची सोय कोणत्याच खिडकीत नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. दुपारी मी जोडून घेतले, तर ती आधीच आलेली. खिडकीची तिने दोन तावदाने केली होती. डाव्या तावदानात गणित धावत होते, गावागावांची नावे सरकत होती, आणि उजवे तावदान रिकामे होते. नुसता एक लुकलुकता ठिपका! ती काही लिहीत नव्हती. खिडकी बदलत नव्हती. मला वाटले, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या प्रयोगशाळेत, ही माझी वाट पाहत एकटी बसली आहे. अंतःकरण भरून आले. ओळीच्या आरंभी एक खूण टाकली की संगणक त्या ओळीकडे दुर्लक्ष करतो. ती टाकून मी लिहू लागलो. आणि माझ्यासारखा मनुष्य हळवा झाला की काय भाषा लिहितो, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलेच असेल.

"प्रिये, तुझ्या विरहात मी आकंठ बुडालो आहे," मी लिहिले. "अहंकाराचा कडा कोसळला. अकोल्याचे घर मला मान्य आहे. तू तुझे काम सोडू नकोस. जाण्यायेण्याचे कष्ट मी आनंदाने पत्करीन. तू नसताना ही अमरावती मला अरण्यवत भासते."

लिहिले आणि वाट पाहिली. ठिपका लुकलुकत होता. डावीकडे गावे सरकत होती. मग उजवीकडे एकेक अक्षर येऊ लागले. पण किती सावकाश! एक अक्षर, मग दीर्घ शोध, मग दुसरे. ही प्रज्ञाची बोटे नव्हेत, एवढे मला तत्क्षणी उमगले. वाक्य पुरे झाले:

"जवाईबापू कोन्त्या विहिरीत बुडाले?"

खालोखाल संगणकाचे नम्र निवेदन: 'जवाईबापू' नावाची आज्ञा उपलब्ध नाही.

तेवढ्यात फोन वाजला. तिचे वडील होते. त्यांच्यामागे माणसांच्या हास्याचा गदारोळ.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?" मी विचारले.

"तेल्हाऱ्यात. शेतकऱ्यायचा मेळावा हाये ना! पोरगी हिशोब दाखवून राहिली सगळ्यायले, भितीवर, एवढ्या मोठ्या पडद्यावर. तयार चित्र नको म्हनले लोकं, गनित चालू असतांना दाखवा म्हनले."

"म्हणजे मी लिहिलेलं…"

"सगळ्यायनं पाह्यलं. शाळेच्या मास्तरनं वाचून दाखवलं, माईकवर. विरह म्हनजे काय ते इंग्रजी अक्षरात त्याले समजलं नाई, त्यानं विहीर वाचलं. लोकं भेले, जवाई विहिरीत पडला म्हनून. म्या म्हनलं, विचारून तरी पाहा, त मास्तरनंच टाइप केलं." ते जरा थांबले. "आता पब्लिक म्हनते, पुन्हा एकदा वाचा. तुमी असं करा, इकडे या."

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात, जेव्हा भूमीने दुभंगावे अशी त्याची इच्छा असते. पण वऱ्हाडची काळी माती भाद्रपदात ओली असते, ती दुभंगत नाही. मी उठलो आणि बस पकडली. दर्यापूर, अकोट करत तेल्हाऱ्याला पोचेतो दिवस कलला होता. वाटभर एकच चिंता मनाला कुरतडत होती. ज्यांच्यासमोर ती लहानाची मोठी झाली, त्यांच्यापुढे प्रथमच आपली विद्या मांडायला ती उभी राहिली होती. आणि मी तिचा तमाशा केला. आता तिचे भाकीत कोण ऐकणार?

पण घडले होते ते निराळेच. मास्तर इकडे माझी विहीर उपसत असताना डाव्या तावदानात गणित निर्विकारपणे चालूच होते, आणि हशा ओसरता ओसरता त्याचा निकाल उमटला: तेल्हाऱ्याच्या आसपासच्या गावांना यंदा धोका मोठा. एव्हाना एकही माणूस पेंगत नव्हता. प्रज्ञाने तेवढ्यात बोलायला घेतले, कपाशीला पात्या, म्हणजे फुलकळ्या, लागल्या आहेत, आताच कामगंध सापळे लावा म्हणाली. या सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी असते आणि त्या ओढीने नर पतंग येऊन अडकतात. हे तिने सांगताच मागून एक आजोबा उठून म्हणाले म्हणे, "पोरी, तुह्या सापळ्यावर आमचा भरोसा हाये. अमरावतीचा नर आमी डोयानं पाह्यला!" सापळ्यांसाठी नावे द्यायला तिच्याभोवती गर्दी झाली.

मी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी मला पाणी दिले आणि गंभीरपणे विचारले, "ओले त नाई झाले?" त्यानंतर त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. गावाने मात्र ती कसर भरून काढली, अजूनही काढते. अकोल्याचे घर आम्ही घेतले. भर सभेत, माईकवरून दिलेला शब्द मागे घेण्याची सोय नव्हती. मी आता पहाटेच्या गाडीने अमरावतीला जातो आणि संध्याकाळी भट्टीत परततो. शेजारचे सहप्रवासी सहानुभूती दाखवतात. मी ती निमूटपणे स्वीकारतो, कारण सुखाचे प्रदर्शन गाडीत बरे दिसत नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाबांच्या वावरात सापळे लावायला गेलो होतो. मी बांबूच्या काठ्या रोवत होतो, ती सापळे बांधत होती. एक काठी ठोकता ठोकता मी विचारले, "दोन बटणं दाबून खिडकी बदलता आली असती तुला. पहिल्याच ओळीला. का नाही बदललीस?"

तिने दोरीची गाठ दातांनी आवळली.

"बदलनारच होती," ती म्हणाली. "पन वाचून राहिली होती ना मी."

एवढे बोलून ती कपाशीच्या पुढच्या ओळीत शिरली, आणि काठ्या उचलून मी तिच्या मागोमाग निघालो.